कोपऱ्याची गोलाई

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मी आजवर चार-पाच वेळाच उडालोय, आणि दर वेळी पंख्याच्या विमानातूनच. जेटयुग येऊन सत्तर वर्षं झाली, पण माझ्या वाट्याला आपला गरगरणारा पंखाच. तक्रार नाही. खिडकीची जागा मिळाली की झालं. शेजारचा माणूस पन्हाळा शोधत असतो, तेव्हा मी खिडकीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत असतो.

ही खोड उद्यमनगरातली. वडिलांचं तिथं छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि दारातच चहाचा गाडा. आमचे मिस्त्री शाफ्ट, म्हणजे यंत्राचा फिरणारा दांडा, तपासायचे तो डोळ्यांनी कमी आणि अंगठ्यानं जास्त. जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो, त्या खांद्यात अंगठ्याला काटकोन लागला की जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, परत. "रेडियस दे की लेका त्याला. कोपरा ऱ्हायला की तिथनंच चीर जाणार." रेडियस म्हणजे कोपऱ्याची गोलाई. हे सगळं दिसायला बरं दिसावं म्हणून चाललंय, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

मग कधीतरी कॉमेटची गोष्ट वाचली.

जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान. इंग्लंडच्या डी हॅविलंडनं बनवलेलं. 2 मे 1952 ला ते लंडनहून जोहान्सबर्गला प्रवासी घेऊन निघालं. माणसं अवघी छत्तीस, पण थाट काय! चारही इंजिनं पंखांच्या मुळातच दडवलेली, त्यामुळं अंगाला कुठं गाठ म्हणून नाही. माझ्या मते इतकं देखणं प्रवासी विमान पुन्हा झालं नाही. पंख्याची विमानं खालच्या ढगांत धक्के खात असताना हे वर, दहा-अकरा किलोमीटरवरून, गुळगुळीत जायचं.

त्या उंचीवर हवा विरळ, म्हणून आत हवा दाबून भरावी लागते. म्हणजे दर उड्डाणाला विमानाचं अंग जरासं फुगतं आणि उतरताना परत बसतं. पत्रा तर मिलिमीटरभरही जाड नव्हता. एकदा फुगला तर काही होत नाही, शंभरदा फुगला तरी नाही. पण तार मोडायची तर आपण काय करतो? इकडं-तिकडं वाकवत राहतो. ओढून न तुटणारी तार अशी मुकाट्यानं तुटते.

जानेवारी 1954 मध्ये रोमहून निघालेलं कॉमेट एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटलं. एप्रिलमध्ये आणखी एक, नेपल्सच्या बाजूला. मग इंग्लंडातल्या फार्नबरोच्या विमान-संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी जे केलं ते ऐकून आमच्या मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली असती. त्यांनी विमानाचं अख्खं धड पाण्याच्या टाकीत घातलं आणि आत पाण्याचा दाब भरायचा, काढायचा, परत भरायचा, असं रात्रंदिवस चालवलं. पाणीच का? दाबलेली हवा फुटली तर बॉम्बसारखी फुटते आणि पुरावाच उडून जातो. पाण्यात नुसती चीर पडते आणि ती जागेवर सापडते. खरी आणि टाकीतली मिळून 3,057 उड्डाणं झाल्यावर पत्रा फाटला. कुठून? कापलेल्या भोकाच्या कोपऱ्यापासून.

"चौकोनी खिडक्यांमुळं विमान पडलं" असं सर्रास सांगतात, ते तितकंसं खरं नाही. खिडक्यांच्या कोपऱ्यांना गोलाई होती, पण बेताची. आणि एल्बाच्या विमानाची चीर प्रवाशांच्या खिडकीतून सुटलीच नव्हती. ती छतावर अँटेनासाठी कापलेल्या झरोक्यापाशी, पत्रे जोडणाऱ्या एका रिव्हेटच्या भोकातून सुटली. ताण असा कोपऱ्यात येऊन गर्दी करतो, महाद्वार रोडवर दिवाळीत होते तशी.

कॉमेट सुधारलं. जाड पत्रा, गोल खिडक्या. ऑक्टोबर 1958 मध्ये जेटनं अटलांटिक ओलांडणारी पहिली प्रवासी सेवा त्यानंच सुरू केली, पण तीनच आठवड्यांत बोइंग 707 आलं. जास्त माणसं, जास्त वेग. एअर इंडियानंही 1960 साली तेच घेतलं आणि त्यांना हिमालयाच्या शिखरांची नावं दिली. पहिल्यानं ठेच खायची आणि मागच्यानं शहाणं व्हायचं, हे कॉमेटच्या नशिबी आलं. तरी त्याच्याच सांगाड्यावरून घडवलेलं निमरॉड हे ब्रिटिश हवाई दलाचं विमान 2011 पर्यंत उडत होतं, हे वाचून मला उगीचच बरं वाटलं.

एल्बाच्या समुद्रातून काढलेला तो छताचा तुकडा लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. गेल्या वर्षी मिस्त्रींना भेटायला गेलो, तेव्हा मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला. कुठला, कधीचा, काही सांगितलं नाही. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा केला आणि स्क्रीनवरच कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"रेडियस कमी पडलाय," म्हणाले. "कुणी पास केला रं ह्यो जॉब?"