मांड पक्की होईपर्यंत

वैशाखातल्या एका दुपारी मंगल कार्यालयाबाहेर वरातीची घोडी कडुनिंबाच्या सावलीत उभी होती. पाठीवर जरीची झूल, कपाळावर आरशांची पट्टी, आणि तिचा मालक शेजारच्या मोटारसायकलवर आडवा होऊन गाढ झोपलेला. थोड्या वेळाने नवरदेव आले. एका मामांनी प्लास्टिकची खुर्ची धरली, दुसऱ्यांनी नवरदेवाचे कोपर धरले, तिसऱ्यांनी शेला सावरला आणि या साऱ्यांच्या एकत्रित प्रयत्नाने तो धडधाकट तरुण एकदाचा घोडीवर चढला. मला हसू आले. रिकिबीत पाय घालून स्वतःच्या बळावर वर जाणे इतके का अवघड आहे, असा विचार करत मी रस्त्याच्या कडेला उभ्याउभ्याच डावा पाय उचलून पाहिला, तर गुडघा कमरेपर्यंत येण्याआधीच जांघेत अशी कळ उठली की शेजारच्या विजेच्या खांबाला हात टेकावा लागला. नवरदेवाला निदान तीन मामा होते.

वास्तविक मी एके काळी घोड्यावर बसत असे. महाविद्यालयात असताना एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी, म्हणजे घोड्यांच्या, तुकडीत होतो. पहाटे उठून घोड्याला खरारा करायचा, खुरांतली माती कोरून काढायची, खोगिराचा तंग आवळायचा आणि मग रिंगणात उभे राहून रिसालदार साहेबांची वाट पाहायची. साहेब हरियाणाचे होते. त्यांचे सारे अश्वशास्त्र ‘एडी नीचे, नज़र ऊपर’ या चार शब्दांत सामावलेले होते आणि आम्हाला त्यांच्या पाचव्या-सहाव्या शब्दांची धास्ती असे, कारण ते शब्द म्हणजे ‘रकाब छोड़!’ हा हुकूम. तो सुटला की दोन्ही रिकिबी खोगिरापुढे घोड्याच्या मानेवर आडव्या टाकायच्या आणि लोंबत्या पायांनी दुडकी चालीत रिंगणाला फेऱ्या मारायच्या. पहिल्या आठवड्यात वसतिगृहाचा जिना आम्ही सगळे पाठमोरे उतरत होतो. ज्यांनी हे केले आहे त्यांना कारण ठाऊक आहे. वर चढताना मांड्या निमूट राहतात, उतरताना मात्र त्या आदल्या दिवसाचा जाब विचारतात, आणि दुखण्याचा खरा भर दुसऱ्या दिवशी किंवा त्याही नंतर येतो.

पुढे नोकरी आली, बदल्या आल्या, आणि खुर्च्या आल्या. आयुष्याचा मधला मोठा तुकडा मी गुडघे नव्वद अंशांत दुमडून काढला. वैद्यकशास्त्र सांगते की तिशीनंतर दर दशकात माणूस साधारण ३ ते ८ टक्के स्नायू गमावतो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. गमावतो हे ठीक. पण घोडेस्वाराच्या बाबतीत अडचण अशी की मेंदू काहीच गमावत नाही. लगाम बोटांत कसा धरायचा, घोड्याने कान मागे पाडले की काय समजायचे, वळणावर खांदा कुठे न्यायचा, हे सारे डोक्यात जसेच्या तसे शिल्लक राहते, आणि त्या ज्ञानाची अंमलबजावणी ज्यांनी करायची त्या मांड्या तोवर निवृत्त झालेल्या असतात. नवखा माणूस भितो म्हणून सांभाळून असतो. खंड पडलेला जुना स्वार भीत नाही, आणि पडतो.

शहराबाहेरच्या घोडेस्वारीच्या शाळेत चौकशीला गेलो तेव्हा तिथल्या प्रशिक्षिकेने, जी माझ्या पुतणीच्या वयाची असावी, माझ्याकडे आणि मग माझ्या पायांकडे पाहिले आणि म्हणाली, “काका, आधी दोनेक महिने घरी पाय तयार करा. नाहीतर तुमचे हाल होतीलच, पण माझ्या घोड्याचे जास्त होतील.” मला राग आला, पण तिच्या बोलण्यामागे हिशेब होता. दुडकी चालीत घोड्याचे पाय कर्णरेषेतल्या जोडीने पडतात. एका ठोक्याला स्वार खोगिरावरून किंचित उठतो, दुसऱ्याला बसतो. असे मिनिटाला ७५ च्या आसपास वेळा होते. म्हणजे दहा मिनिटांची दुडकी ही जवळजवळ ७५० अर्ध्या बैठकांची बेरीज झाली, आणि त्याही हलत्या जमिनीवर, टाच खाली आणि नजर वर ठेवून. घरी मोजून वीस बैठका मारल्यावर मला दिवाणखान्यातला पंखा दोन दिसू लागला होता.

तेव्हापासून आमच्या घरात पायांचा संसार सुरू झाला. कुकरच्या तीन शिट्या होईपर्यंत मी ओट्यापाशी गुडघे वाकवून, कंबर मागे आणि छाती पुढे अशा अर्धउभ्या अवस्थेत राहतो. दात घासताना एका पायावर उभा असतो. आणि इमारतीच्या जिन्यात, शेवटून तिसऱ्या पायरीच्या कडेवर फक्त चवडे टेकून टाचा अधांतरी खाली सोडतो. हा शेवटचा व्यायाम फार महत्त्वाचा, कारण पोटऱ्या आखडलेल्या असतील तर टाच खाली जातच नाही, आणि टाच खाली गेली नाही तर पाऊल रिकिबीतून पुढे सरकून अडकण्याची भीती राहते. दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा मला पहिल्यांदा तिथे पाहून थबकला आणि अतिशय काळजीने म्हणाला, “काका, खाली उतरायचंय ना? हात देऊ का?” आता तो काही विचारत नाही. नुसता कडेने जातो.

व्यायामशाळेत मात्र मी रमलो नाही. तिथे मांड्या आत दाबण्याचे एक यंत्र आहे. प्रशिक्षकाला ‘घोडेस्वारी’ म्हटल्याबरोबर त्याने मला त्यावर बसवले. मांडीच्या आतल्या अंगाला पाच स्नायूंचा एक गट असतो, तो या यंत्राने बळकट होतो यात वाद नाही, आणि मल्लखांबपटूचा तर सारा जीव त्या पकडीवरच असतो. पण घोडा हा खांब नव्हे. गुडघे आवळले की बैठक खोगिरावरून वर ढकलली जाते आणि पाय मागे घसरतात. पोटऱ्या आवळल्या तर घोड्याला वाटते की पुढे जाण्याची आज्ञा झाली; तो वेग वाढवतो, वेगाने स्वार घाबरतो, घाबरून आणखी आवळतो आणि घोडा आणखी पळतो. पर्यटनस्थळांवर ‘घोडा उधळला’ म्हणून ज्या हकिकती सांगितल्या जातात, त्यांतल्या काहींत घोड्याने फक्त आज्ञापालन केलेले असावे अशी मला दाट शंका आहे. पायांत जोर हवा तो पाय लांब सोडून, स्वस्थ आणि सैल ठेवता यावेत म्हणून. दुबळा पाय सैल राहूच शकत नाही. तो थरथरतो, आणि थरथरला की पकडतो.

ग्रीक सेनानी झेनोफनने सुमारे २४०० वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे की घोड्यावर खुर्चीत बसल्याप्रमाणे बसू नये, पाय फाकून ताठ उभे असल्याप्रमाणे बसावे. त्या काळी ग्रीकांकडे रिकीब नव्हती. म्हणजे रिसालदार साहेबांचा ‘रकाब छोड़’ हा हुकूम त्यांच्या आयुष्यावर कायमचाच लागू होता. आजही शिकवताना हेच सांगतात: कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत असावीत, इतकी की घोडा अचानक नाहीसा झाला तर स्वार जमिनीवर दोन पायांवर उभा राहिला पाहिजे. मी आरशासमोर घोडा वगळून हा प्रयोग केला. खांदा आणि कंबर यांची ओळख पटायलाच बराच वेळ गेला.

पहिल्या बाजीरावांची एक आख्यायिका आपल्याला ठाऊक आहेच. निजामाने त्यांचे चित्र काढायला चितारी पाठवला, आणि चिताऱ्याला ते दिसले ते असे: लगाम घोड्याच्या मानेवर सैल टाकलेला, भाला खांद्यावर, आणि दोन्ही तळहातांवर जोंधळ्याची कणसे चोळून दाणे खात चाललेले. लहानपणी ऐकताना आम्हाला त्यातला साधेपणा शिकवला गेला. आता ती गोष्ट आठवली की मला फक्त एवढेच दिसते की या गृहस्थांचे दोन्ही हात मोकळे होते. लगामाला लोंबकळून तोल सावरण्याची सवय असलेल्या माणसाला चालत्या घोड्यावर कणसे चोळता येणार नाहीत. तिथे सगळा कारभार मांडीने आणि कमरेने पाहावा लागतो. यातूनच मला एक वाईट खोड लागली आहे. अश्वारूढ पुतळा दिसला की लोक चेहऱ्याकडे पाहतात, तलवारीकडे पाहतात, घोड्याचा उचललेला पाय पाहतात. मी टाच पाहतो. शनिवारवाड्यासमोर थांबतो, शिवाजीनगरला १९२८ साली बसवलेल्या, शिल्पकार करमरकरांनी घडवलेल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याखाली थांबतो, आणि टाच चवड्यापेक्षा खाली आहे की नाही याची मनाशी नोंद करतो. निरीक्षणे मात्र कोणाला सांगत नाही. पुण्यात राहायचे आहे.

माझी स्वतःची पहिली घोडदौड, तिला दौड म्हणणे धाडसाचे असले तरी, माथेरानला झाली. दस्तुरीला मोटार सोडली की पुढे वाहनांना बंदी, त्यामुळे वडिलांनी आम्हा भावंडांसाठी एक घोडा ठरवला आणि पाळीपाळीने बसायचे असा करार झाला. माझे पाय रिकिबीपर्यंत पोहोचेनात, तेव्हा घोडेवाल्याने माझी पावले रिकिबीच्या वरच्या चामड्याच्या पट्ट्यांत अडकवली. आज तसे कोणी केले तर मी भांडेन, पण तेव्हा मी राजा होतो. लाल मातीच्या त्या वाटेवर घोडा सारखा दरीच्या कडेने चाले, आई मागून ओरडे आणि घोडेवाला शांतपणे म्हणे, “बाई, त्याला वाट माहितीये.” आई त्या आठवड्यात त्या घोड्याशी जेवढे बोलली तेवढे वडिलांशीही बोलली नसेल. माझे वजन त्या वेळी काय असेल? त्या घोड्याला पाठीवर कोणी आहे हे कळलेही नसेल.

आता कळते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपुढे जाऊ नये असा एक संकेत घोडेवाल्या जगात पाळतात. ३०० किलोच्या डोंगरी तट्टावर ते ६० किलो होतात, आणि आपल्याकडच्या सहलीला गेलेल्या पुरुषमंडळींपैकी, अस्मादिकांसह, कितीजण त्यात बसतील हे सांगायला नको. शिवाय वजन काट्यावर दिसते तेवढेच नसते. पायांत बळ असलेला स्वार दुडकीत आपला भार मांड्यांत आणि घोट्यांत झेलतो आणि हलकेच खाली उतरतो. बळ नसलेला पोत्यासारखा आदळतो, मिनिटाला ७५ वेळा, त्याच मणक्यांच्या बाजूला, आणि घोडा काही बोलत नाही. फार तर पाठ ताठ करतो, शेपटी झटकतो, आणि त्यालाच आपण हट्टी म्हणतो. जमिनीवरून रिकिबीत पाय घालून ऐटीत चढण्याचा माझा जुना अभिमानही प्रशिक्षिकेने याच कारणासाठी मोडून काढला. तसे चढताना सगळा भार एका बाजूने ओढला जातो, खोगीर फिरते आणि पाठीला पीळ बसतो, म्हणून तिथे सगळ्यांनी, अगदी पोरासोरांनीही, लाकडी चौथऱ्यावर उभे राहूनच चढायचे असा नियम आहे. मी वाद घातला. घोड्याने जांभई दिली.

सध्या मी एका पोक्त, पांढुरक्या घोड्यावर चाल करतो आणि मधूनमधून दुडकीच्या दोन फेऱ्या मारतो. तिसऱ्या फेरीला मांड्या सूचना देतात आणि मी त्या ऐकतो. पुढच्या रविवारपासून रिकिबी काढून बसायचे, असे प्रशिक्षिकेने जाहीर केले आहे. गुडघ्याच्या डॉक्टरांना हे आधी विचारून घ्यावे असे घरच्यांचे मत आहे, आणि विचारावे की नुसते कळवावे यावर माझा विचार चालू आहे.