शर्टावरचं हृदय

आमच्या आठवीच्या सायन्सच्या बाई आकृत्या फळ्यावर कमी आणि पोरांच्या अंगावर जास्त काढायच्या. एकाला पुढे उभा करायचा आणि युनिफॉर्मच्या शर्टावरच खडूने हृदय, फुप्फुसं, लिव्हर, सगळं जिथल्या तिथे. हा मान कायम माझ्या बेंचवरच्या पोराला, कारण तोच सगळ्यात रुंद, आणि घरी आईच्या शिव्या पण त्यालाच. बाईंनी हृदय छातीच्या मधोमध काढलं, टोक तेवढं डावीकडे, तर अख्खा वर्ग ओरडला, बाई चुकलं, पिक्चरमध्ये तर डावीकडे हात ठेवतात! मग कळलं की उजव्या फुप्फुसाचे तीन भाग आणि डाव्याचे दोनच, कारण तिकडे हृदयाला जागा द्यायचीय, चाळीतल्या खोलीत पाहुणे आले की आपण सरकून बसतो तसं.

परीक्षेत यातलं काही आलं नाही. तिथे आपलं तेच, सुबक व नामनिर्देशित आकृती काढा.

आता परळला माझं मेडिकल आहे आणि खरं सांगतो, काउंटरवर डी.फार्म.इतकाच तो शर्ट कामाला येतो. 1926 पासून केईएम हॉस्पिटल उशाला असलेली ही वस्ती, तरी लोक पार कमरेखाली हात ठेवून किडनी दुखतेय म्हणतात, अहो काका, किडनी वर असते, पाठीकडे, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास. लिव्हरचं टॉनिक मागणाऱ्याला लिव्हर कुठेय विचारलं तर हात हमखास डावीकडे. ही झाली गंमत. पण छातीत जळजळतंय, गॅसची गोळी द्या म्हणत कोणी आलं आणि घाम फुटलाय, जबडा नाहीतर डावा हात भरून आलाय, तर तो हार्ट अटॅक असू शकतो, मी गोळी देतच नाही, सरळ ईसीजीला पाठवतो. गेल्या पावसाळ्यात एक मावशी भांडल्याच, एका गोळीसाठी एवढं नाटक कशाला म्हणून. शुगरवाल्यांना तर कधीकधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, हे मावशींच्या मुलाला त्याच्याच टी-शर्टवर बोट फिरवून समजावलं तेव्हा कुठे त्याने टॅक्सी थांबवली. ईसीजीत गडबड निघालीच.

शाळेत आता स्मार्ट बोर्ड आलेत म्हणे, चांगलंच आहे. पण एक संध्याकाळ पालकांसाठी ठेवा ना, पोरांना निदान पुस्तकात तरी मिळतं, आईबापांना कोण सांगणार? रविवारी दुपारनंतर माझं दुकान बंद असतं, मी येतो.