तुम्ही विचारलंत म्हणून: फेविक्विक चुकून सापडलं का?

नाही. चुकून सापडलं नाही. शहाद्यापासून रावेरपर्यंत कुठल्याही शाळेत रसायनांचे प्रयोग दाखवून झाले की पहिला हात याच प्रश्नासाठी वर होतो. गंमत म्हणजे तो बहुधा मुलांचा नसतो, सरांचा असतो. "तो अमेरिकन शास्त्रज्ञ भलतंच काही बनवत होता, बोटं चिकटली आणि शोध लागला, बरोबर ना?" बोटं कुणाचीही चिकटली नव्हती. काचेची दोन प्रिझम चिकटली होती. आणि तो पदार्थ त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता.

तो शास्त्रज्ञ म्हणजे हॅरी कूव्हर. या माणसाच्या नावावर 460 पेटंटं आहेत. त्यातलं एकच लोकांना ठाऊक आहे, आणि तेही त्यांना नशिबाच्या खात्यावर मांडायचं असतं. यावर माझं डोकं फिरतं, हे कबूल करतो.

क्रम असा आहे. 1942 मध्ये युद्ध चालू असताना बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक हवं होतं. त्या खटाटोपात कूव्हर सायनोॲक्रिलेटपाशी, म्हणजे आजच्या फेविक्विकमधल्या द्रव्यापाशी, पोचला. ते ज्याला लागेल त्याला चिकटायचं, म्हणून बाजूला पडलं. इकडे गुडरिच कंपनीच्या ॲलन आर्डिस यांनी हीच द्रव्यं बनवण्याच्या पद्धतीवर पेटंटं घेतली, ती 1949 मध्ये मंजूर झाली. म्हणजे ज्या वर्षी शोध लागला असं सांगतात, त्या 1951 मध्ये सापडायचं असं काही उरलंच नव्हतं. रेणू माहीत होता, तो करायची रीत माहीत होती, चिकटतो हेही माहीत होतं. फक्त ते दोषाच्या रकान्यात लिहिलेलं होतं.

आता 1951. कूव्हर तेव्हा टेनेसीतल्या किंग्जपोर्टला, ईस्टमन कंपनीच्या कारखान्यात. काम होतं जेट विमानाच्या चालकावरच्या पारदर्शक घुमटासाठी उष्णता सोसणारं ॲक्रिलेट शोधायचं. त्याचा सहकारी फ्रेड जॉयनर एकेका द्रव्याचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वाकतो तो आकडा, मोजत होता. हे मोजायचं यंत्र म्हणजे रेफ्रॅक्टोमीटर. तुमच्यापैकी ज्यांनी कॉलेजात ते हाताळलंय त्यांना माहीत असेल: दोन प्रिझम बिजागरीवर बसवलेली, खालच्यावर एक-दोन थेंब टाकायचे, वरचं मिटवायचं, खिट्टी आवळायची आणि दुर्बिणीतून काळ्या-पांढऱ्याची सीमारेषा फुलीवर आणून आकडा वाचायचा. मग उघडून लगेच पुसायचं. जॉयनरने इथिल सायनोॲक्रिलेटचा पातळ थर दिला, आकडा घेतला आणि प्रिझम उघडायला गेला. उघडेनात.

इथे जरा थांबा, कारण सगळे इथूनच "योगायोग" म्हणून पुढे निघून जातात. हे द्रव्य चिकटायला काय लागतं? दोन पृष्ठभाग अगदी सपाट आणि स्वच्छ हवेत. मधला थर पातळ हवा, कारण रेणू एकमेकांत अडकून जी साखळी बनते ती पृष्ठभागापासून सुरू होते आणि जाड थराच्या पोटापर्यंत लवकर पोचत नाही. दाब हवा. आणि पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य पापुद्रा हवा. काचेवर तो कायम असतो, शिवाय काच किंचित अल्कधर्मी. आता रेफ्रॅक्टोमीटर पुन्हा बघा. घासून गुळगुळीत केलेली काच, मध्ये जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी फट, वरून खिट्टीचा दाब. याहून उत्तम चिकटवायचा साचा कुणी मुद्दाम बनवूनही दिला नसता. तिथे ते चिकटणारच होतं. त्याला अपघात म्हणायचं असेल तर फक्त जॉयनरच्या बाजूने म्हणा, कारण यंत्र महागडं होतं आणि त्याच्या पोटात गोळा आला होता.

कूव्हरने यंत्राचा शोक केला नाही. त्याने हाताला लागेल ते चिकटवून पाहिलं: काच, रबरी बुचं, धातूचे चमचे, लाकूड, कागद, प्लॅस्टिक. उष्णता नाही, दाबयंत्र नाही, तरी सगळं सगळ्याला धरत होतं. नऊ वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या दोषाचा रकाना त्याने तिथे बदलला.

मग बाजारात यायला 1958 का उजाडलं? हे मात्र कुणी विचारत नाही. विचारतात ते वेगळंच, आणि तो प्रश्न माझ्या मते जास्त चांगला आहे. चोपड्याकडे एका आजोबांनी विचारला होता: "भाऊ, मंग ते नळीम्हा काब्र चिकटत नही?" म्हणजे, मग ते ट्यूबमध्येच का चिकटत नाही?

तीच तर खरी मेहनत. इथिल सायनोॲसिटेट आणि फॉर्मल्डिहाइड यांचा संयोग अल्कलीच्या मदतीने घडवला की हाती द्रव येतच नाही, घट्ट पॉलिमर येतो, म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्या. भुसावळ यार्डात डबे जोडले जावेत तसे रेणू लगोलग एकमेकांत अडकलेले असतात. तो पॉलिमर पुन्हा तापवून तोडायचा, कमी दाबाखाली सुटा द्रव ऊर्ध्वपातित करून, म्हणजे त्याची वाफ करून ती पुन्हा थंड करून, घ्यायचा आणि पडता पडताच त्यात किंचित आम्ल मिसळायचं, उदाहरणार्थ सल्फर डायऑक्साइड, म्हणजे तो परत जोडला जाणार नाही. सोबत हायड्रोक्विनोन, तेही रेणूंना जुळू न देणारं. आम्ल कमी पडलं तर बाटलीतच दगड. जास्त झालं तर चिकटायलाच तयार नाही. बाटली पॉलिथिनची, कारण त्या प्लॅस्टिकला हे धरत नाही. एवढं जमल्यावर "ईस्टमन 910" या नावाने ते विकायला निघालं. 1959 मध्ये टीव्हीवर एका थेंबाने जोडलेल्या धातूच्या तुकड्यांना लटकवून माणूस उचलून दाखवला, तो भाग सगळ्यांना पाठ असतो. व्हॅक्यूमखालचं ऊर्ध्वपातन कुणाला पाठ नसतं.

हे कळलं की तुमच्या रोजच्या तक्रारी आपोआप सुटतात. मे महिन्यात पारा 45 वर आणि हवा कोरडी ठक्क असते, तेव्हा फेविक्विक "डुप्लिकेट" लागत नाही. ओलावाच नसतो, म्हणून वेळ लागतो. जोडायच्या एका बाजूवर तोंडाने हाऽ करून वाफ द्या, दुसऱ्या बाजूवर थेंब टाका, दाबा. एक चौरस इंचाला एक थेंब पुरतो. जास्त ओतलं तर मधलं तासन् तास ओलं राहतं. अर्धा-एक मिनिट हलवू नका, पूर्ण जोर यायला चोवीस तास द्या. श्रावणात उलटं: पटकन धरतं, पण भोवती पांढरी राख बसते, म्हणून चष्म्याच्या काचेजवळ वापरू नका. न उघडलेली ट्यूब फ्रीजमध्ये ठेवता, छान. पण बाहेर काढल्या काढल्या तोंड कापू नका, थंड नळीवर दव धरतं आणि ते आत गेलं की ट्यूब मेली. ती खोलीइतकी गरम होऊ द्या.

ठिबक सिंचनाची लॅटरल, म्हणजे पिकाजवळून जाणारी नळी, याने सांधू नका. शेतकरी मंडळी दरवर्षी विचारतात, दरवर्षी तेच सांगतो. ती पॉलिथिनची, म्हणजे ज्याच्या बाटलीत हे सुखाने राहतं तेच प्लॅस्टिक. कापून मध्ये जोडणीचा तुकडा (जॉइनर) घाला. कपाचा कान चिकटवून त्यात चहा पिऊ नका, 80 अंशांच्या आसपास जोड ढिला पडायला लागतो. चपलेचा अंगठा धरतो, पण जोड कडक आणि ठिसूळ, वाकला की तुटतो.

आणि कापूस. आपल्याकडे कापूस म्हणजे घरोघर, म्हणून टाकीच्या भेगेत कापूस कोंबून वर फेविक्विक सोडायची युक्ती सगळ्यांना येते. कापसाच्या तंतूंचा पृष्ठभाग अफाट आणि त्यावर ओलावा; सगळी साखळी एकदम जुळते, उष्णता एकदम सुटते, धूर येतो, चिमटीत असेल तर भाजतं. सुती कपड्यावर सांडलं तरी तेच. खायच्या सोड्यानेही झटकन घट्ट होतं आणि तापतं, पण निदान तो बोटांत धरलेला नसतो. बोटं चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून मधून पेन्सिल फिरवत सोडवा. डोळ्यात गेलं तर पाणी आणि सरळ दवाखाना, ॲसिटोन अजिबात नाही.

टाचांच्या भेगा याने बुजवणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षं भांडतोय. ते म्हणतात, व्हिएतनाम युद्धात जखमांवर फवारत होते. होय, रक्त थांबवायला फवारलं, आणि कूव्हरला त्याचा अभिमानही होता. पण ट्यूबमधलं इथिल प्रकारचं द्रव्य अंगात लवकर विघटन पावतं आणि फॉर्मल्डिहाइड सोडतं. अमेरिकेत 1998 मध्ये त्वचेसाठी मान्य झालं ते ऑक्टिल, लांब शेपटीचं, सावकाश तुटणारं. ती पाच रुपयांची ट्यूब नव्हे.

श्रेयाचं म्हणाल तर माझंच माझ्याशी जमत नाही. पूर्वी मी ठासून सांगायचो की सगळं कूव्हरचं. जॉयनर घाबरला, कूव्हरने ओळखलं. अजूनही ते मला खोटं वाटत नाही. चिकटवण्याच्या मिश्रणाचं 1956 चं पेटंट कूव्हरच्या नावावर आहे, आणि 2010 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हातून पदक घ्यायला वयाच्या 93 व्या वर्षी तोच गेला. पुढच्या वर्षी वारला. पण द्रव बनवण्याच्या पद्धतीचं 1955 चं पेटंट जॉयनर आणि हॉकिन्स यांच्या नावावर आहे, आणि मीच वर म्हणून बसलोय की खरी मेहनत बनवण्यात आणि टिकवण्यात होती. मग? कार्यक्रमात जॉयनरचं नाव घ्यायला लागलोय, तर मागून कुणीतरी विचारतंच की म्हणजे यंत्र ज्याने बिघडवलं तोच ना. हॉकिन्सबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही.