नंबर नसलेली पुस्तकं ऑनलाइन चढवताना: माझा अनुभव

जुन्या पुस्तकांचं दुकान ऑनलाइन न्यायचं ठरलं की विक्रीच्या संकेतस्थळावर खातं उघडणं, बँकेची माहिती देणं, कुरिअरवाला ठरवणं ही कामं दोन-तीन दिवसांत उरकतात. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. घोडं पेंड खातं ते पुस्तक चढवायच्या फॉर्ममधल्या ‘आयएसबीएन’ नावाच्या एका रकान्यापाशी. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीला मिळणारा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही आणि माझ्या पहिल्या गठ्ठ्यातल्या निम्म्याहून जास्त पुस्तकांना तो नंबरच नव्हता. या एका रकान्यापायी पाच आठवडे गेले. राग अजून उतरलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आयएसबीएन हे आंतरराष्ट्रीय मानक झालं १९७० साली. त्याआधीच्या पुस्तकावर तो शोधत बसण्यात अर्थ नाही. त्यानंतरही कितीतरी छोट्या प्रकाशकांनी वर्षानुवर्षं नंबर घेतलाच नाही. संस्थांच्या स्मरणिका, खाजगी वितरणासाठी छापलेली चरित्रं, प्रदर्शनांच्या सूची, एखाद्या परिसराचा इतिहास सांगणारी शंभर पानी पुस्तिका, या सगळ्यांची गत तीच. आणि आजच्या काळात जुन्या पुस्तकांचं दुकान तगतं ते नेमकं याच पुस्तकांवर. गाजलेल्या कादंबरीच्या ढीगभर जुन्या प्रती एकाच पानावर विकायला असतात. तिथे मोठे विक्रेते प्रोग्रॅम लावून आपोआप भाव खाली आणतात आणि छोट्या दुकानाच्या हातात टपालखर्च वजा जाता काही राहत नाही. नंबर नसलेल्या पुस्तकाची कदाचित तुमची एकच प्रत विक्रीला असते. ज्याला ती हवी आहे तो वर्षभराने का होईना, शोधत येतो. म्हणून कंटाळून फक्त नंबरवाली पुस्तकं चढवू नका. तसं केलं तर दुकानाचा जीव जिथे आहे तोच भाग बाहेर राहतो.

नंबर नसेल तर सूट मागायचा वेगळा अर्ज असतो. मदतीच्या पानांवर तो तळाशी कुठेतरी दडलेला असतो, ‘उत्पादन क्रमांकातून सवलत’ अशा काहीतरी नावाने. माझा अर्ज तीनदा परत आला. पहिल्या वेळी कारण दिलं होतं, ‘छायाचित्र अपुरं’. मी फक्त मुखपृष्ठ पाठवलं होतं, आणि तपासणाऱ्याला मागे बारकोड नाही हे बघायचं असतं. दुसऱ्या वेळी प्रकाशकाचं पत्र मागितलं. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या प्रकाशनाचं पत्र आणायचं कुठून? तिसऱ्या वेळी कारणच दिलं नाही.

चौथ्यांदा जे पाठवलं ते मंजूर झालं, ते असं. मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ एकाच फोटोत दिसेल असं पुस्तक उघडून पालथं ठेवून वरून घेतलेला फोटो. त्यात चारही कडा दिसायला हव्यात, कापलेला फोटो चालत नाही. दुसरा फोटो शीर्षकपानाचा. तिसरा त्याच्या मागच्या पानाचा, जिथे आवृत्ती, मुद्रक आणि वर्ष असतं. हा तिसरा फोटो सगळ्यांत महत्त्वाचा. कारणाच्या रकान्यात दोनच वाक्यं: पुस्तक अमुक साली छापलेलं आहे, आयएसबीएन १९७०पासून सुरू झाला. आधीच्या अर्जांत मी परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले होते, ते कोणी वाचलेले दिसत नाहीत. नमुना म्हणून १९७०च्या आधीचंच पुस्तक निवडा. त्यानंतरचं दिलं की ‘नंबर असायला हवा होता’ या वादात अर्ज अडकतो. सूट एका पुस्तकासाठी मागू नका, ‘जुनी पुस्तकं’ या पूर्ण वर्गासाठी मागा. नाहीतर प्रत्येक पुस्तकाला हाच खेळ.

अडलेल्या वेळी एक पळवाट सुचते: त्याच शीर्षकाच्या नव्या आवृत्तीचा नंबर टाकायचा. हे अजिबात करू नका. पुठ्ठाबांधणीला एक नंबर, कागदी बांधणीला दुसरा, सुधारित आवृत्तीला तिसरा असतो. नुसत्या पुनर्मुद्रणाला मात्र जुनाच नंबर चालतो. चुकीचा नंबर टाकला की तुमच्या पुस्तकाला दुसऱ्याच आवृत्तीचं मुखपृष्ठ आणि पानसंख्या चिकटते. गिऱ्हाईक पुस्तक परत पाठवतं आणि तशा दोन-चार तक्रारी झाल्या की खातं गोठतं. मनाने रचलेला आकडाही चालत नाही, कारण शेवटचा अंक हा आधीच्या अंकांवरून काढलेला तपास-अंक असतो.

हा तपास-अंक समजून घेतला तर अर्धी डोकेदुखी जाते. दहा अंकी नंबर घ्या: ०३०६४०६१५२. पहिल्या नऊ अंकांना डावीकडून १०, ९, ८ असं करत २पर्यंत गुणायचं आणि बेरीज करायची. इथे ती १३० येते. त्यात शेवटचा २ मिळवला की १३२, म्हणजे ११ने पूर्ण भाग जातो. नंबर बरोबर. शेवटी १० लागत असेल तर तिथे एक्स छापतात, ती छपाईची चूक नाही. २००७पासून नंबर तेरा अंकी झाले. फॉर्मला तेराच अंक हवे असतील तर दहा अंकी नंबराच्या पुढे नुसतं ९७८ लावून भागत नाही, तपास-अंक बदलतो. नव्या पद्धतीत अंकांना आळीपाळीने १ आणि ३ने गुणतात. वरच्या नंबराचे पहिले बारा अंक ९७८०३०६४०६१५, बेरीज ९३, पुढची पूर्ण दहाची संख्या १००, म्हणून शेवटी ७ येतो.

१९६०च्या दशकाच्या अखेरच्या काही इंग्रजी पुस्तकांवर नऊच अंक दिसतात. तो आयएसबीएनच्या आधीचा एसबीएन. त्याच्या पुढे फक्त एक शून्य लावा, दहा अंकी नंबर तयार. शून्याला दहाने गुणून शून्यच येतं, त्यामुळे तपास-अंक तोच राहतो. अशी पुस्तकं ‘नंबर नाही’ म्हणून मी आधी बाजूला काढली होती. ती सगळी एका दुपारी चढली तेव्हा खरोखर हायसं वाटलं.

आधीच सांगायला हवं होतं ते आता सांगते. यादी स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर नंबराचा रकाना पहिल्यांदा ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर सुरुवातीचं शून्य गळतं आणि तेरा अंकी नंबर ९.७८E+१२ असा आखडलेला दिसायला लागतो. स्कॅनरने अठरा अंक दिले तर घाबरू नका, शेजारच्या छोट्या बारकोडचे पाच अंक त्याला जोडले गेलेत. तो बहुधा किमतीचा असतो. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. जुन्या अमेरिकी पॉकेटबुकांच्या मागे बारा अंकी वेगळाच बारकोड असतो. तो आयएसबीएन नव्हे. खरा नंबर मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला किंवा शीर्षकपानामागे सापडतो.

प्रतीची अवस्था लिहिताना ‘गुड’ हा शब्द जपून वापरा. या धंद्यात त्याचा अर्थ ‘छान’ होत नाही. वापरून झिजलेली, पण सगळी पानं शाबूत असलेली प्रत म्हणजे ‘गुड’. पुस्तकावरच्या सुट्या कागदी वेष्टणाची अवस्था वेगळी लिहा. कसरीची भोकं, तपकिरी ठिपके, ग्रंथालयाचे शिक्के, कण्याशी सैल झालेली शिलाई हे शब्दांत लिहा आणि सगळ्यांत वाईट जागेचा फोटो लावा. आधी सांगितलेला डाग पाहून कोणी पुस्तक परत पाठवत नाही.

प्रत्येक पुस्तकाला कपाट-फळी-क्रमांक असा स्वतःचा कोड द्या, पेन्सिलने, शेवटच्या कोऱ्या पानावर. ऑनलाइन विकलेलं पुस्तक दुकानात न सापडणं ही सगळ्यांत मोठी नामुष्की. दुकानात समोरासमोर विकलं तर त्याच क्षणी यादीतून काढा, रात्रीवर ढकलू नका.

आणि सूट मंजूर झाल्याचा ईमेल छापून फाइलला लावा. माझ्याकडे आठ महिन्यांनी तोच रकाना पुन्हा सक्तीचा झाला होता. तो कागद स्कॅन करून पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी काम झालं.