तेलाची वाटी जरा बाजूला ठेवा, आधी कोंडा बघू

थंडी पडली की आमच्या फॅमिली ग्रुपवर दोनच विषय असतात, हुरडा आणि कोंडा. हुरड्याचं ठीक आहे, पण कोंड्याचा प्रश्न हमखास माझ्याकडे येतो, कारण माझे केस लहानपणापासून कोरडे, राठ, निम्मे सरळ निम्मे कुरळे, आणि त्यामुळे घरात मी या विषयातली एक्स्पर्ट वगैरे मानली जाते. "मावशी, काहीतरी घरगुती सांग ना, केमिकल नको" असा मेसेज आला की मी तुकड्यातुकड्यात व्हॉइस नोट पाठवत बसते. आता एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं. डॉक्टर नाहीये मी, आधीच सांगते.

माझं म्हणणं एकच आहे, डोक्याची कातडी वेगळी आणि केस वेगळे. बाहेर आलेला केस मेलेला असतो, केराटिनचा धागा नुसता, त्यात रक्त जात नाही त्यामुळे जाहिरातीतलं ते 'मुळापासून टोकापर्यंत पोषण' वगैरे काही पोचत नाही, केस फक्त जपता येतो. कातडी मात्र जिवंत आहे, तिला आजार होतात आणि आजाराला औषध लागतं. आपल्याकडे मात्र दोन्हीवर उपाय एकच, खोबरेल तेलाची वाटी. केस कोरडे, लाव तेल. कोंडा झाला, लाव तेल. खाज येते, अगं तेल लाव आधी. निम्मा घोळ इथेच होतो.

तर आधी डोक्यातून नक्की काय पडतंय ते बघा. काळा टीशर्ट घाला, उजेडात उभं राहा आणि केस झटका. बारीक, पांढरं, पिठासारखं कोरडं काहीतरी पडलं, आणि हातपायही थंडीने उलले असतील, कातडी ओढल्यासारखी वाटत असेल, तर ती बहुतेक नुसती कोरडी पडलेली टाळू आहे. हे त्यातल्या त्यात सोपं प्रकरण. गीझरचं कडकडीत पाणी बंद करून कोमट घ्या, रोज डोक्यावरून आंघोळ करत असाल तर ते कमी करा, सौम्य शाम्पू वापरा, न्हायच्या आधी तासभर थोडं तेल बोटांनी लावा. बरंचसं आटोक्यात येतं.

पण नखाने खरवडल्यावर नखात पिवळट, चिकट काहीतरी आलं, केस धुतल्यावर दुसऱ्याच दिवशी डोकं तेलकट, खाज आहे, शिवाय भुवयांमध्ये किंवा नाकाच्या बाजूला पण साल निघतेय, तर हा खरा कोंडा. याचं कारण कोरडेपणा नाहीये. मॅलॅसेझिया नावाची एक यीस्ट आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर राहते, माझ्याही आणि तुमच्याही, ती अस्वच्छतेने येत नाही की दुसऱ्याच्या कंगव्यातूनही येत नाही (कंगव्यातून उवा येतात, तो वेगळा विषय). या यीस्टला लागणारं फॅट ती स्वतः बनवू शकत नाही म्हणून ती आपल्या डोक्यावरचं तेल खाते, आणि खाऊन झाल्यावर ओलेइक अ‍ॅसिड वगैरे मागे ठेवते, ते ज्यांच्या कातडीला सोसत नाही त्यांची कातडी चिडते आणि भराभर साल टाकायला लागते. आता अशा डोक्यावर तुम्ही रात्री वाटीभर तेल चोळून झोपलात म्हणजे पाहुण्याला पंगतीला बसवून वर आग्रहाने वाढण्यासारखं झालं.

यावर आमच्या आईचा ठरलेला डायलॉग, "मग आमचे केस कसे राहिले गं? रोज तेल लावून दोन वेण्या घालायचो." आई रत्नागिरीकडची. मला तिच्याशी वाद घालायचा नाहीये, तिच्या वेण्या खरंच मनगटाएवढ्या होत्या, पण तिला कोंडा नव्हता हे ती सांगत नाही. ज्याला कोंडा नाही त्याने खुशाल तेल लावावं. आणि दिवाळीच्या अभ्यंगाचंच बघा ना, पहाटे तेल लावायचं आणि त्याच सकाळी उटणं-शिकेकाईने ते काढून टाकायचं. तीन तीन दिवस तेल डोक्यावर मुरवत स्कार्फ बांधून, वरून हेल्मेट घालून, घामाघूम होऊन गाडीवर फिरायचं हे त्यात नव्हतं.

तेल लावल्यावर कोंडा गेल्यासारखा वाटतो त्याचं कारणही साधं आहे. साल तेलाने डोक्याला चिकटून बसते, खांद्यावर पडत नाही, दिसत नाही. गेलेली नसते.

मग खऱ्या कोंड्याला काय करायचं, तर इथे माझं उत्तर कुणालाच आवडत नाही: मेडिकलमधून औषधी शाम्पू आणा. केटोकोनाझोल दोन टक्के, किंवा झिंक पायरिथिऑनवाला, किंवा सेलेनियम सल्फाइडचा. घरी राहून, घरच्या बाथरूममध्येच वापरायचा आहे, म्हणजे घरगुतीच झाला की! केटोकोनाझोलची पद्धत साधारण अशी असते की आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे, आणि मग कोंडा गेला तरी आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा चालू ठेवायचा, कारण यीस्ट कायमची जात नाही, ती परत वाढते. गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल किंवा लहान मुलासाठी हवा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो डोक्यावर तीन ते पाच मिनिटं ठेवायचा असतो. लावला, फेस केला, धुतला, असं केलं की औषध गटारात गेलं. "मला तर काही फरकच पडला नाही" म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणी अशाच लावतात, विचारून बघा. तोवर पाय घासा, टाचा घासा, गाणं म्हणा. शाम्पू केसांना नाही, डोक्याला लावायचा, बोटांच्या पेरांनी, भांग पाडून पाडून. नखं लावायची नाहीत.

आता हे शाम्पू केस कोरडे करतात ही तक्रार खरी आहे, आणि इथेच तेलाची वाटी परत आणायची, पण यावेळी फक्त लांबीला. म्हणजे कानाच्या खाली. खोबरेल तेलाबद्दल मला प्रेम आहे हो, गैरसमज नको. मुंबईत मॅरिकोच्या लॅबमध्ये झालेला एक अभ्यास २००३ मध्ये छापून आला होता, खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल अशी तिन्ही केसांवर लावून बघितली तर केसातलं प्रोटीन वाहून जाण्याचं प्रमाण खोबरेलनेच कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक अ‍ॅसिड लहान आणि सरळ साखळीचं असल्यामुळे केसाच्या आत शिरतं, बाकीची दोन वरच राहतात. (कंपनी स्वतः खोबरेल विकते हे लक्षात ठेवून वाचा, पण कारण पटण्यासारखं आहे.) म्हणून न्हायच्या आधी लांबीला, विशेषतः टोकांना तेल लावून ठेवायचं, म्हणजे केस पाणी पिऊन फुगत नाही आणि डोक्यावरून खाली ओघळणारा फेस टोकांचं फार वाटोळं करत नाही. नंतर कंडिशनर, तोही लांबीलाच. कितीतरी जणी कंडिशनर डोक्याला चोळतात आणि मग केस चपटे झाले म्हणून रडतात.

टॉवेलने खसाखसा पुसणं बंद. जुना पंचा किंवा मऊ झालेला कॉटनचा टीशर्ट घ्या, केस दाबून दाबून टिपा. गुंता बोटांनी आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने, खालून वर. आणि फाटे फुटलेले केस कशानेही जुळत नाहीत, कापायचेच असतात, त्या बाबतीत कुठलंही सीरम काही बोलत असेल तर बोलू दे.

पाण्याबद्दल लिहिल्याशिवाय ही पोस्ट पूर्ण होणार नाही कारण माझा सगळ्यात जास्त संशय त्याच्यावर असतो. आजोळी विहिरीचं पाणी इतकं मऊ की साबण अंगावरून निघता निघत नाही, आणि इथे पुण्याच्या बाहेरच्या बाजूला सोसायटीत टँकर आणि बोअरवेल, साबणाला फेस यायला तयार नाही, नळाच्या तोंडाशी पांढरा थर, बादलीला पांढरी रेघ. तोच थर केसांवर पण बसतोच ना. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडचं जे भारतीय मानक आहे त्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे, तुमच्या सोसायटीने पाण्याचा रिपोर्ट काढला असेल तर त्यात टोटल हार्डनेस बघा, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) नाही. अशा पाण्यात कुणी अंगाच्या साबणानेच डोकं धुत असेल (घरातले पुरुष, तुमच्याकडेच बघतेय) तर साबण आणि कॅल्शियम मिळून जो चिकट पांढरा मळ होतो तो केसातच राहतो आणि कोंडा म्हणून त्यावर उपचार सुरू होतात! साबण सोडून शाम्पू धरला की हा 'कोंडा' जातो.

शॉवरला लावायचे ते छोटे फिल्टर घेण्याआधी विचार करा. गाळ, क्लोरीन थोडंफार अडवत असतील, पण पाणी मऊ करायला सॉफ्टनर लागतो, ज्यात अधूनमधून मीठ घालावं लागतं. मी काय करते, सगळं धुऊन झालं की शेवटचे दोन तांबे आरओचं पाणी फक्त केसांवरून घेते. किंवा दोन मग पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर, ते केसांच्या लांबीवर ओतून परत धुऊन टाकायचं. डोक्यावर जखम, ओरखडे असतील तर हे नको, झोंबतं.

आता घरगुती उपायांची यादी, पटापट. लिंबू डोक्यावर चोळू नका, त्याचा पीएच दोनच्या आसपास असतो, म्हणजे भलतंच आम्ल, खरवडलेल्या कातडीवर आग होते, आणि लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे डाग पडू शकतात. खायचा सोडा तर अजिबातच नको, तो उलट्या टोकाचा. दही केसांच्या लांबीला छान, बुळबुळीतपणा येतो, पण त्याने यीस्ट मरते वगैरे समजू नका, आणि वास जाईपर्यंत धुवा. भिजवलेल्या मेथीचं वाटण, जास्वंदाची पानं, दोन्ही चांगली पण गाळून घ्या नाहीतर केसातून मेथीचे कण वेचत बसाल. शिकेकाईचंही तेच, पावडर तशीच डोक्यावर थापली तर वाळल्यावर भुगा पडतो आणि परत कोंड्याचा संशय, त्यापेक्षा शेंगा, रिठा, आवळा रात्री भिजवून सकाळी उकळून पाणी गाळून घ्यायचं. कोरफड कापल्यावर पिवळा चीक निघतो तो पूर्ण निथळू द्यायचा, खाज त्याच्याने येते. टी ट्री ऑइलचं मात्र खरं आहे, पाच टक्के असलेल्या शाम्पूची ऑस्ट्रेलियात चाचणी झालीय आणि कोंडा कमी झालेला दिसलाय, पण नुसतं तेल कधी डोक्यावर थेंबथेंब टाकू नका, भाजतं. कांद्याचा रस? तो चाई पडलेल्या लोकांवर वापरून बघितला होता एका छोट्या अभ्यासात, कोंड्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि वास उशीला सुद्धा येतो.

माझी आवडती एकच गोष्ट, जवसाची जेल. दोन चमचे जवस, दोन कप पाणी, मंद गॅसवर ढवळत राहायचं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं दाटसर दिसायला लागलं की लगेच गरम असतानाच जुन्या ओढणीतून किंवा पातळ फडक्यातून गाळायचं. गार झालं की गाळलंच जात नाही, पिळून पिळून हात दुखतात. फ्रीजमध्ये आठवडाभर राहते. ओल्या केसांच्या लांबीला लावली की केस राठ, पिंजारलेले दिसत नाहीत.

काळ्या मेंदीबद्दल स्वतंत्र सांगते. पाकिटावर मेंदीच्या पानाचं चित्र असतं पण काळा रंग येतो तो पीपीडी नावाच्या केमिकलने, मेंदीने काळा रंग येतच नाही. मेंदी लावल्यापासून खाज, कपाळाच्या कडेला लाली, पापण्यांना सूज, साल निघणं असं काही होत असेल तर तो कोंडा नाही, अ‍ॅलर्जी आहे, पाकीट बदलून उपयोग नाही, पीपीडी असलेलं काहीच लावायचं नाही. ज्यांना अजून काही झालं नाहीये त्यांनीही कानामागे थोडं लावून ४८ तास बघावं. पुढच्या प्रत्येक वेळेलाही.

आणि डॉक्टरकडे कधी जायचं, तर महिनाभर औषधी शाम्पू नीट वापरूनही फरक नसेल तर. जाड, चंदेरी खपल्या असतील, त्या केसांच्या कडेबाहेर कपाळावर आल्या असतील, कोपरं-गुडघ्यांवर पण तसंच असेल किंवा नखांवर बारीक खड्डे असतील तर सोरायसिस नावाचा कातडीचा आजार असू शकतो. लहान मुलाच्या डोक्यात गोल चट्टा पडून तिथले केस तुटत असतील तर तो नायटा असू शकतो, त्याला पोटात घ्यायची औषधं लागतात, वरवरच्या शाम्पूने भागत नाही. मेडिकलवाल्याकडून स्टेरॉइडचं लोशन आणून स्वतःच लावत बसू नका. जाताना तेल लावून जाऊ नका, आदल्या दिवशी रंग पण नको, काय दिसणार डॉक्टरांना त्यातून. आणि बाथरूममधल्या सगळ्या बाटल्या, पाकिटांचा एक एक फोटो काढून न्या, मेंदीच्या पाकिटाचा मागच्या बाजूचासुद्धा, तिथेच बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असतं.