वाघाचे पाणी, दाजीपूर

मे महिन्यातल्या एका पहाटे कोल्हापुरातून निघून, राधानगरी धरणाला वळसा घालत आम्ही दाजीपूरला पोहोचलो. जीपमध्ये बसताच मेव्हण्यांनी वाटाड्याला वाघाबद्दल छेडले. "वाघाचं न्हाई सांगत सायेब, पर गवं नक्की दावतो," असे म्हणून तो पुढे बसला.

गवे दिसलेच, हे अभयारण्य 1958 मध्ये मूळचे त्यांच्यासाठीच राखले गेले. मी मात्र सावराई सड्याकडे जाणाऱ्या वाटेच्या फाट्यावर रेंगाळलो. तिथे कोळसुंद्यांची विष्ठा एका जागी साचून वाळली होती. काडीने उकरल्यावर तीत सांबराचे राठ, तपकिरी केस दिसले. ज्या सांबरावर हे रानकुत्रे जगतात, त्याला गवत आणि कोवळा पाला लागतो. आणि वणवा गेलेल्या उघड्या कडांवर आता रानमोडी माजली आहे, जिला गवाही तोंड लावत नाही. म्हणजे शिकाऱ्यावरचे संकट बंदुकीशिवाय, एका झुडपाच्या वाटेनेही येते. त्यात गावकुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखा रोग आला, तर टोळीने राहणाऱ्या कोळसुंद्यांत तो पसरायला वेळ लागत नाही.

'वाघाचे पाणी' या ठिकाणी वाघ नव्हता, हे सांगायला नकोच. तरी नाव पोकळ नाही. डिसेंबर 2023 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातल्या कॅमेऱ्यात टिपलेला नर वाघ त्याआधी राधानगरीत टिपला गेला होता. कर्नाटक-गोव्याकडच्या रानांतून चांदोलीपर्यंतची त्याच्या जातीची वाट याच डोंगरसोंडेने जाते, आणि पन्हाळा, विशाळगड, गगनबावड्याच्या पट्ट्यात ती इतकी अरुंद होते, की एखादी खाण किंवा रुंद केलेला घाटरस्ता तिला पुरेसा अडसर ठरावा. माझ्या मते इथे मोजायला हवेत ते वाघ नव्हेत, हे चिंचोळे दुवे.

बिबट्याचे वेगळे. त्याला घनदाट रान लागतेच असे नाही. ऊस उभा असला की आडोसा मिळतो, मादी त्यातच पिल्ले घालते, आणि तोड सुरू झाली की कोयत्यापुढे ती पिल्ले उघडी पडतात. जंगल आकसताना जो टिकतो तो माणसाच्या दारात येतो, ही गंमत नव्हे.

परतीच्या वाटेवर उसाच्या फडांजवळ वाटाड्या उतरला. त्याचे गाव तिथेच. दार लावता लावता तो म्हणाला, "आमच्याकडं हल्ली कुत्रं टिकंना सायेब."