सेवेचा फॉर्म भरला, आणि पुढे पाच महिने शांतता

धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या पॅरिशमध्ये, मिशनरी नवचैतन्य (देवळाबाहेर माणसांपर्यंत जाण्याची नवी उमेद) आणायचं ठरलं की सगळ्यात आधी फॉर्म छापला जातो. आमच्याकडेही तेच झालं. वर मथळा, ‘तुम्ही कोणती सेवा द्याल?’, खाली 28 चौकोन, शेवटी सही आणि फोन नंबर. मी हा फॉर्म भरून दिला, आणि नंतर भरलेले फॉर्म ज्या गटाकडे आले त्या गटातही होतो. म्हणून दोन्ही बाजू ठाऊक आहेत. पाच महिने एकाही माणसाला फोन गेला नाही. ती खंत अजून जात नाही.

त्याआधीचं सगळं सुरळीत झालं. प्रमुख धर्मगुरूंनी, म्हणजे आमच्या फादरांनी, आनंदाने होकार दिला, सात जणांचा गट बनला, तीन रविवार प्रवचनात विषय मांडला गेला. गाडी अडली ती फॉर्म जमा झाल्यावर.

पॅरिश ऑफिसला वाटलं, यादी फादर पाहतील. फादरांना वाटलं, आधी कौन्सिलपुढे, म्हणजे पॅरिशच्या सल्लागार मंडळापुढे, जाऊ दे. कौन्सिलची बैठक तीन महिन्यांतून एकदा. पहिल्या बैठकीत सणाच्या तयारीतच वेळ गेला, दुसरी पुढे ढकलली. फॉर्म तोवर ऑफिसच्या कपाटात, रबर लावलेल्या गठ्ठ्यात. तो गठ्ठा सोडला तेव्हा वरच्याच एका फॉर्मवर समासात पेनाने लिहिलेलं होतं: ‘आजारी माणसांकडे जायला आवडेल. संध्याकाळी सातनंतर कधीही बोलवा.’ छापलेल्या 28 चौकोनांत आजाऱ्यांच्या भेटीचा चौकोनच नव्हता, म्हणून त्या बाईने समासात लिहिलं. फोन केला तेव्हा ती म्हणाली, “माझी गरज नसेल असं समजले मी.” बाप्तिस्म्याने जिला पाठवलं आहे, तिला आपण पाच महिन्यांच्या मौनाने घरी बसवलं. हे मला फार लागलं.

हे अडायलाच नको होतं. चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) 536 प्रमाणे पॅरिश पालकीय कौन्सिलचं मत सल्ल्यापुरतं असतं आणि अध्यक्षपद प्रमुख धर्मगुरूंकडे असतं. स्वयंसेवकांना फोन करायला कौन्सिलच्या ठरावाची गरज नाही. कौन्सिलचा सल्ला हवा तो फॉर्म छापण्याआधी: कुठल्या सेवा खरोखर लागणार आहेत आणि प्रत्येकीची जबाबदारी कोण घेणार? ज्या सेवेपुढे जबाबदार माणसाचं नाव लिहिता येत नाही, तिचा चौकोन छापूच नका. आमच्या 28 पैकी बऱ्याच सेवांना धनी नव्हता, म्हणून त्या फॉर्मचं काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं.

दुसऱ्या वेळी आम्ही सात चौकोन ठेवले. प्रत्येकापुढे महिन्याला किती तास, किती महिन्यांसाठी आणि प्रशिक्षण किती बैठकांचं, एवढं लिहिलं. फॉर्म कुटुंबाला एक न देता माणशी एक दिला. कुटुंबाला एक दिला की घरातली एकच व्यक्ती सगळ्यांच्या वतीने खुणा करते आणि तरुण मुलांना पत्ताच नसतो. प्रवचनानंतर बाकावरच दहा मिनिटं देऊन, पेन्सिली पुरवून फॉर्म तिथेच गोळा केले. घरी नेलेला फॉर्म क्वचितच परत येतो. सात दिवसांच्या आत फोन. तोही ऑफिसने करायचा नाही, त्या सेवेच्या जबाबदार व्यक्तीने करायचा, आणि फोनची तारीख फॉर्मच्या मागे लिहायची. तारीख नसलेला फॉर्म हातात आला की कुठे अडलंय ते लगेच दिसतं. एखाद्या सेवेत जागा भरल्या असतील तर तेही त्याच आठवड्यात सांगा आणि दुसरी सेवा सुचवा. नकार माणसं समजून घेतात, दुर्लक्ष विसरत नाहीत.

‘वाचन’ (मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, बायबल वाचणं) आणि ‘ख्रिस्तप्रसाद वाटप’ (मिस्सेत पवित्र भाकर देणं) हे चौकोन नीट शब्दांत लिहा. रविवारच्या मिस्सेत वाचन करायला पॅरिशच्या पातळीवर नाव देता येतं. पण विधिवत वाचकपद बिशपांकडून मिळतं, आणि जानेवारी 2021 पासून ते स्त्रियांनाही खुलं आहे. ख्रिस्तप्रसाद वाटणाऱ्या विशेष सेवकांच्या नियमित नेमणुकीसाठी धर्मप्रांताचे (बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशाचे) नियम पाहावे लागतात. हे आधी सांगितलं नाही तर खूण करणाऱ्याला वाटतं की पुढच्या रविवारपासून उभं राहायचंय. मुलांसोबतच्या कामालाही हेच लागू. स्वयंसेवकाच्या पडताळणीला आठवडे लागतात, ती टाळायची नाही आणि लपवायचीही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या पहिल्या फॉर्मवरचे चौकोन मोजले तर जवळपास सगळे देवळाच्या भिंतींच्या आतले होते: गायनवृंद, फुलं, वेदी, ध्वनियंत्रणा, पार्किंग. 2013 च्या ‘एव्हान्जेली गाउदियुम’ या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या रचना स्वतःला जपण्यापेक्षा आजच्या जगाला शुभवर्तमान सांगण्यासाठी वापरल्या जाव्यात, असं स्वप्न मांडलं. फॉर्म हीदेखील एक रचनाच. सातपैकी किमान चार चौकोन बाहेर नेणारे हवेत: आजाऱ्यांची भेट, शोकातल्या कुटुंबांची सोबत, नुकताच बाप्तिस्मा झालेल्या बाळांच्या घरची भेट, आणि मिस्सेला येणं थांबलेल्यांकडे जाणं. कॅनन 529 कुटुंबांना भेटणं हे प्रमुख धर्मगुरूंचं काम सांगतो आणि त्याच कलमात प्रापंचिकांच्या (धर्मगुरू नसलेल्या सामान्य भाविकांच्या) वाट्याचं मिशनकार्य वाढवायलाही सांगतो. भेटी सुरू केल्याने कुणाच्या अधिकारावर गदा येत नाही.

भेटीला दोघांनी जायचं. येशूने 72 जणांना दोघादोघांनीच पाठवलं. आधी फोन, भेट वीस मिनिटांची, सोबत पावतीपुस्तक अजिबात नाही. वर्गणीचा विषय एकदा निघाला की पुढच्या वेळी दार उघडत नाही. चर्चवर रागावलेला माणूस बोलत असेल तर बचाव करू नका, शेवटपर्यंत ऐका. मोडलेला संसार, लग्नाची अडचण, मुलांचा बाप्तिस्मा राहिलेला: फादरांना सांगायचं ते त्या घराची परवानगी घेऊनच. टिपण घरच्यांसमोर नाही, बाहेर आल्यावर लिहायचं, आणि त्यात फक्त पुढे काय करायचं तेवढंच. एका जोडीला तीन महिन्यांत आठ घरं पुरेत. त्याहून जास्त दिली की दुसरी भेट होत नाही, आणि विश्वास दुसऱ्या भेटीत येतो.

पाठवणीचा विधी, म्हणजे स्वयंसेवकांना आशीर्वाद देऊन कामाला धाडणं, पेन्टेकॉस्टला (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाला) किंवा ऑक्टोबरातल्या मिशन रविवारी मिस्सेत घ्या, पण प्रशिक्षण झाल्यानंतर. आमच्याकडे आधी विधी झाला, मग प्रशिक्षण लांबलं आणि निम्मी माणसं गळाली.

आणि एक वर सांगायचं राहिलं: फॉर्मवर सेवेच्या सुरुवातीची तारीख असते तशी शेवटचीही छापा. वर्षभराने प्रत्येकाला विचारायचं, पुढे चालू ठेवणार, बदलणार की थांबणार? मुदत माहीत असली की नव्या माणसाला ‘हो’ म्हणायला भीती वाटत नाही.